गल्लोगल्ली मॉन्टेसरीच्या पाट्या दिसतात, पण ही मॉन्टेसरी बाई होती कोण आणि तिला नेमकं काय हवं होतं?

दिवाळी संपली की ज्यांच्या घरात अडीच-तीन वर्षांचं पोरगं आहे, त्या घरात एकच विषय सुरू होतो. ॲडमिशन. शेजारच्या काकू सांगतात अमुक ठिकाणी टाका, पोरं फाडफाड इंग्लिश बोलायला लागतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शाळांची पत्रकं येऊन पडतात आणि त्यात एक शब्द हमखास असतो, मॉन्टेसरी. फी बघितली की डोळे पांढरे होतात. मग प्रश्न पडतो, हे नक्की आहे काय आणि आपल्या पोराला ते मानवेल का?

बऱ्याच जणांना मॉन्टेसरी म्हणजे केजीचं भारीतलं नाव वाटतं. काहींना सीबीएसई, आयसीएसईसारखा एखादा बोर्ड वाटतो. प्रत्यक्षात ते एका इटालियन डॉक्टर बाईचं आडनाव आहे. ही बाई ऐन दुसऱ्या महायुद्धात भारतात अडकून पडली होती. तिची गोष्ट नीट समजून घेतली, तर शाळा बघायला गेल्यावर काय बघायचं याचा बराचसा अंदाज येतो.

तर सुरुवातीपासून बघू.

३१ ऑगस्ट १८७०. इटलीतल्या ॲन्कोना शहराजवळ किआराव्हाले नावाच्या गावात मारियाचा जन्म झाला. वडील अलेस्सांद्रो सरकारी नोकरीत आणि जुन्या वळणाचे. आई रेनिल्दे मात्र भरपूर वाचणारी, पोरीनं शिकावं असं वाटणारी. मारिया पाचेक वर्षांची असताना हे कुटुंब रोमला आलं. त्या काळी इटलीत शिकलेल्या मुलीनं फार तर शिक्षिका व्हावं अशी पद्धत होती. मारियाला शिक्षिका सोडून काहीही चालणार होतं. तेराव्या वर्षी ती मुलांच्या टेक्निकल शाळेत गेली, इंजिनिअर व्हायचं म्हणून. नंतर तिनं बेत बदलला आणि घरी सांगितलं की डॉक्टर व्हायचंय. वडिलांचा साफ विरोध.

तरीही ती रोमच्या विद्यापीठात शिरली. आधी विज्ञान आणि मग मेडिकल. वर्गात सगळे पुरुष. शवविच्छेदनाच्या वेळी मुलांसोबत एका मुलीनं नग्न देहासमोर उभं राहणं सभ्यतेला धरून नाही असं ठरलं. त्यामुळे वर्ग सुटल्यावर संध्याकाळी एकटीनं प्रेतांसोबत काम करायचं. तो वास सहन व्हावा म्हणून ती तंबाखू ओढायची असं तिच्याबद्दल सांगितलं जातं. १८९६ मध्ये ती डॉक्टर झाली. इटलीची पहिली महिला डॉक्टर म्हणून तिचं नाव बऱ्याच ठिकाणी छापलं जातं, पण ते खरं नाही. तिच्याआधीही काही जणी झाल्या होत्या. पहिल्या काही जणींपैकी एक, एवढं नक्की.

इथून पुढे आपण त्यांना बाई म्हणू. आपल्याकडे मास्तरीणबाईंना बाईच म्हणतात आणि शिक्षिका व्हायचं नाही म्हणणारी ही मुलगी शेवटी जगभरच्या शिक्षिकांची बाई झाली.

डॉक्टर झाल्यावर बाई रोमच्या मानसोपचार विभागात काम करू लागल्या. तिथल्या वेड्यांच्या इस्पितळांत बौद्धिक वाढ खुंटलेली म्हणून मुलंही डांबलेली असायची. एका रिकाम्या खोलीत भिंतीकडे बघत बसलेली पोरं. त्यांच्यावर देखरेख करणारी बाई तक्रार करायची की ही मुलं जेवण झाल्यावर जमिनीवर पडलेले पावाचे तुकडे वेचत बसतात, किती ओंगळ आहेत. मॉन्टेसरीबाईंना त्यात वेगळंच दिसलं. त्या खोलीत हाताळायला दुसरं काही नव्हतंच. पोरांच्या हातांना काम हवं होतं.

मग बाईंनी इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांचं जुनं लिखाण शोधून काढलं. दोघांनीही अशा मुलांना हात, डोळे, स्पर्श यांच्यामार्फत शिकवायचे प्रयोग केले होते. १९०० मध्ये रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी एक संस्था सुरू झाली आणि बाई तिच्या दोन संचालकांपैकी एक झाल्या. तिथली काही मुलं इतकी पुढे गेली की त्यांनी साध्या शाळेतल्या मुलांच्या बरोबरीनं लिहिण्यावाचण्याची परीक्षा दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना मात्र दुसरीच काळजी लागली. ही मुलं जर इथवर येऊ शकतात, तर धडधाकट मुलांना शाळेत असं काय करून ठेवतात की तीसुद्धा एवढ्यावरच थांबतात?

शाळा निवडताना हा भाग लक्षात ठेवा. मॉन्टेसरी ही हुशार, शांत, एका जागी बसणाऱ्या मुलांसाठीची पद्धत आहे असा एक समज आहे. तिचा उगमच ज्यांना शिकता येणार नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं, त्या मुलांमध्ये आहे.

त्या संस्थेचे दुसरे संचालक होते ज्युसेप्पे मोन्तेसानो. बाईंचं आणि त्यांचं प्रेम होतं. ३१ मार्च १८९८ ला त्यांना मुलगा झाला, मारिओ. लग्न झालेलं नव्हतं आणि त्या काळच्या इटलीत लग्न न करता मूल म्हणजे बाईंची सगळी कारकीर्द एका दिवसात संपली असती. मुलाला गावाकडे एका कुटुंबात वाढायला ठेवलं गेलं. पुढे मोन्तेसानोंनी दुसऱ्या बाईशी लग्न केलं आणि मॉन्टेसरीबाईंनी ती संस्था सोडली. मारिओला भेटायला त्या जात, पण आई म्हणून नाही. तो आईकडे राहायला आला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्यानंतरही कित्येक वर्षं लोकांसमोर त्याची ओळख भाचा किंवा दत्तक मुलगा अशीच करून दिली जायची.

लहान मुलांच्या मनाबद्दल जगाला सांगणाऱ्या बाईला स्वतःच्या मुलाचं बालपण बघायला मिळालं नाही. यावरून त्यांना दांभिक म्हणणारे आजही भेटतात. मला तसं म्हणवत नाही. मोन्तेसानोंची नोकरी शाबूत राहिली, नावही शाबूत राहिलं. किंमत एकाच बाजूनं मोजली गेली.

आता येऊ मुख्य प्रसंगाकडे.

रोममध्ये सान लोरेन्झो नावाची वस्ती होती. गरीब, गर्दीची, बदनाम. एका बांधकाम कंपनीनं तिथल्या पडक्या इमारती दुरुस्त करून कामगार कुटुंबांना राहायला दिल्या. आईबाप दिवसभर कामावर, मोठी पोरं शाळेत आणि शाळेत जायचं वय न झालेली बारकी पोरं दिवसभर जिन्यात धिंगाणा घालायची, नव्या भिंती खराब करायची. कंपनीला वाटलं की या पोरांना एका खोलीत गोळा करून ठेवणं दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडेल. जगातली पहिली मॉन्टेसरी शाळा अशी निघाली, भिंती वाचवायला!

६ जानेवारी १९०७ ला ही शाळा सुरू झाली. नाव ठेवलं कासा देई बाम्बिनी, म्हणजे मुलांचं घर. पन्नासेक मुलं, दोन-तीन वर्षांपासून सहा-सात वर्षांपर्यंतची. सांभाळायला कुणी पदवीधर शिक्षिका नव्हती, वस्तीतलीच एक बाई होती. मॉन्टेसरीबाईंनी विशेष मुलांसाठी बनवलेलं सामान तिथे आणून ठेवलं आणि त्या बघत बसल्या. डॉक्टर होत्या, त्यामुळे आधी निरीक्षण आणि मग निदान ही सवय होती.

त्यांनी जे पाहिलं, त्यातल्या काही गोष्टी त्यांनी पुढे आयुष्यभर सांगितल्या.

एक तीन वर्षांची मुलगी लाकडी दट्टे त्यांच्या मापाच्या खाचांत बसवत होती. बसवायचे, काढायचे, मिसळायचे, परत बसवायचे. बाईंनी तिच्याभोवती बाकीच्या पोरांना गाणी म्हणायला लावली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. मुलगी हलली नाही. चाळीसहून जास्त वेळा तेच करून झाल्यावर ती स्वतःहून थांबली आणि झोपेतून उठल्यासारखी ताजीतवानी दिसली. तीन वर्षांच्या मुलाचं कशातच लक्ष लागत नाही, हे तेव्हाही सगळे म्हणायचे आणि आजही आपण म्हणतो. बाईंच्या लक्षात आलं की लक्ष लागतं. आपण मध्येच उठवतो.

म्हणून खऱ्या मॉन्टेसरी वर्गात सकाळी साधारण तीन तासांचा सलग वेळ मुलांना मोकळा ठेवतात. अर्धा तास इंग्लिश, अर्धा तास मॅथ्स, मग डान्स, मग कलरिंग असं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असेल, तर ती शाळा चांगलीही असू शकते, पण ती मॉन्टेसरी नाही.

दुसरी गोष्ट कपाटाची. सामान कपाटात कुलूपबंद असायचं आणि शिक्षिका येऊन ते वाटायची. एके दिवशी तिला यायला उशीर झाला आणि कपाट उघडंच राहिलं होतं. येऊन बघते तर मुलांनी आपापलं हवं ते सामान काढून काम सुरूही केलं होतं. तिला ती चोरी वाटली. बाईंना वाटलं की मुलांना निवड करता येते. त्यानंतर कपाटं गेली आणि मुलांच्या उंचीची उघडी फडताळं आली. आपल्याकडच्या काही शाळांत गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे काचेच्या कपाटात मांडलेले दिसतात, पालकांना दाखवायला. काचेला कुलूप असतं.

तिसरी गोष्ट बक्षिसांची. शहाण्यासारखं वागणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षिकेनं पदक घातलं होतं आणि एकाला शिक्षा म्हणून बसवून ठेवलं होतं. पदकवाल्याचं पदक गळून पडलं. शिक्षा झालेल्या पोरानं ते उचलून त्याला दाखवलं, तर तो म्हणे तूच ठेव आणि गेला आपल्या कामाला. शिक्षा झालेला ते पदक घालून मजेत बसला. बाईंनी बक्षिसं आणि शिक्षा दोन्ही बंद करून टाकल्या. म्हणजे हातावर स्टार, स्टुडंट ऑफ द वीक, गॅदरिंगला पहिला नंबर, यातलं काहीच त्यांच्या वर्गात बसत नाही. ज्या पालकांना हे सगळं हवं असतं, आणि हवं असण्यात गैर काही नाही, त्यांनी मॉन्टेसरीचे पैसे भरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

अजून एक छोटासा प्रसंग. बाईंनी मुलांना एकदा रुमाल घेऊन हळूच, आवाज न करता नाक कसं शिंकरायचं ते दाखवलं. दाखवून झाल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. आधी बाईंना कळेना. मग लक्षात आलं की शेंबडी पोरं म्हणून यांना सगळे हिणवतात, पण नाक साफ कसं करायचं हे आजवर कुणी नीट दाखवलंच नव्हतं. हात धुणं, बटण लावणं, पाणी ओतणं, जमीन झाडणं ही कामं मॉन्टेसरी वर्गात असतात ती यातूनच. फी भरून पोराला फरशी पुसायला लावतात, अशी तक्रार बरेच आजी-आजोबा करतात, त्यांना हा प्रसंग सांगायला हरकत नाही.

आणि लिहिणं? बाईंचा सुरुवातीला अक्षरं शिकवायचा बेत नव्हता. वस्तीतल्या आया, ज्यांना स्वतःला लिहितावाचता येत नव्हतं, त्या मागे लागल्या. मग बाईंनी खरखरीत कागदाची, म्हणजे आपल्या पॉलिश पेपरसारख्या कागदाची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. मुलं त्यावरून बोट फिरवायची आणि तोंडानं त्या अक्षराचा आवाज काढायची. हातात पेन्सिल नाही, वही नाही. त्या हिवाळ्यात एका मुलाला बाईंनी गच्चीवर खडू देऊन समोरचं धुराडं काढायला सांगितलं. त्यानं ते काढलं आणि मग एकाएकी शब्द लिहायला लागला. त्याचं बघून दुसरा, तिसरा. चार-पाच वर्षांची पोरं जमीन, दारं, भिंती लिहून भरवायला लागली. भिंती वाचवायला शाळा काढणाऱ्या कंपनीचं काय झालं असेल, देव जाणे.

इथे एक गंमत बघा. आपल्याकडे तिसऱ्या वर्षी चौकटीच्या वहीत रोज एक पान ए गिरवून घेणाऱ्या शाळाही मॉन्टेसरी म्हणवतात. बाईंच्या वर्गात हात आधी तयार होतो आणि वही नंतर येते. त्यामुळे वर्षाच्या शेवटी पोराच्या वह्या भरलेल्या दिसतीलच असं नाही. घरात रोज होमवर्क विचारणारं कुणी असेल, तर हा वाद ॲडमिशनच्या आधीच मिटवून घ्या.

सान लोरेन्झोची बातमी वाऱ्यासारखी पसरली. १९०९ मध्ये बाईंनी पुस्तक लिहिलं, १९१२ मध्ये ते इंग्रजीत आलं. १९१३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या तेव्हा न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांचं व्याख्यान झालं. १९१५ मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात काचेच्या भिंतीचा एक वर्गच मांडला गेला. आत मुलं कामात गर्क आणि बाहेर गर्दी करून बघणारी माणसं.

पण अमेरिकेतली ही लाट लवकर ओसरली. विल्यम किलपॅट्रिक नावाच्या वजनदार शिक्षणतज्ज्ञानं १९१४ मध्ये पुस्तक लिहून पद्धतीवर टीका केली. सामान ठरावीक, ते वापरायची रीत ठरावीक, मग कल्पनाशक्तीला आणि मुलांनी मिळून खेळण्याला जागा कुठे, असा त्याचा रोख होता. ही टीका पूर्ण खोडून काढता येत नाही. परीकथा आणि खोटं खोटं खेळण्याबद्दल बाईंना लहान वयात फारसं प्रेम नव्हतं. भातुकली मांडण्यापेक्षा मुलाला खरी काकडी खऱ्या सुरीनं कापायला आवडते, असं त्यांच्या पद्धतीचं म्हणणं. तुमचं पोर दिवसभर ओढणी बांधून राजा-राणी खेळणारं असेल, तर शाळेत त्याला तेवढा वाव आहे का हे जरूर विचारा.

बाईंचा स्वभावही सोपा नव्हता. शिक्षकांचं ट्रेनिंग त्यांनी आपल्याच हातात ठेवलं होतं आणि सामानात कुणी स्वतःच्या मनानं बदल केलेला त्यांना खपायचा नाही. १९२९ मध्ये मुलासोबत त्यांनी असोसिएशन मॉन्टेसरी इंटरनॅशनल, म्हणजे एएमआय ही संस्था काढली, तीही कामाचा दर्जा राखायला. तरी नाव हातातून निसटलंच. बाईंच्या मागे, १९६७ मध्ये, अमेरिकेत असा निर्णय झाला की मॉन्टेसरी हा सर्वसाधारण शब्द आहे, त्यावर कुणा एकाची मालकी नाही. आपल्याकडेही पाटी रंगवणाऱ्याला कुणी विचारत नाही. त्यामुळे पाटीवरून काहीच कळत नाही, आणि तिथल्या ताईंनी ट्रेनिंग कुठे आणि किती महिन्यांचं घेतलं हा प्रश्न विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

मधल्या काळात बाईंच्या हातून एक गोष्ट घडली, जी त्यांचे भक्त सांगायचं टाळतात. इटलीत मुसोलिनी सत्तेवर आला आणि १९२४ पासून त्याच्या सरकारनं मॉन्टेसरी शाळांना पाठबळ दिलं. बाईंनी ते घेतलं. शाळा वाढतील एवढंच त्यांना दिसत होतं. हुकूमशहाला मात्र आज्ञाधारक सैनिक हवे होते आणि या वर्गातून तसे निघणार नव्हते. १९३४ पर्यंत सगळं फाटलं आणि इटलीतल्या शाळा बंद पडल्या. नाझी जर्मनीतही तेच झालं. बाई तेव्हा स्पेनमध्ये बार्सिलोनात राहायच्या, तर १९३६ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं. तिथून इंग्लंड आणि मग नेदरलँड्स. साठी उलटलेली बाई, एकामागून एक देश सोडत होती.

आणि मग भारत.

मद्रासच्या अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीचं मुख्य ठिकाण आहे. सोसायटीचे अध्यक्ष जॉर्ज अरुंडेल आणि त्यांच्या पत्नी, भरतनाट्यमसाठी ओळखल्या जाणाऱ्या रुक्मिणीदेवी, यांनी बाईंना ट्रेनिंग कोर्स घ्यायला बोलावलं. १९३९ च्या अखेरीस वयाच्या ६९ व्या वर्षी बाई मारिओसह भारतात आल्या. झावळ्यांच्या छपराखाली वर्ग भरायचा, देशभरातून सुमारे ३०० जण शिकायला आले होते. काही महिन्यांचा मुक्काम ठरला होता.

जून १९४० मध्ये इटली ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरला आणि भारतातले इटालियन लोक एका रात्रीत शत्रू ठरले. मारिओला छावणीत ठेवलं गेलं, बाईंना अड्यारच्या आवाराबाहेर जायची बंदी झाली. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला बाईंचा सत्तरावा वाढदिवस आला. व्हाइसरॉयकडून तार आली. तुम्हाला वाढदिवसाला काय द्यावं याचा विचार केला आणि तुमचा मुलगाच तुम्हाला परत द्यावा असं ठरवलं, अशा अर्थाची. मारिओ सुटून आला. जन्मापासून भाचा, दत्तक असं काय काय म्हणवून घेतलेल्या बेचाळीस वर्षांच्या माणसाला सरकारी तारेत सरळ मुलगा म्हटलं होतं.

युद्धाच्या काळात बाई कोडाईकनालच्या डोंगरातही राहिल्या आणि तिथे सहा वर्षांपुढच्या मुलांसाठीचं शिक्षण त्यांनी मुलांसोबत काम करत उभं केलं. अहमदाबादच्या व्याख्यानांवरून तयार झालेलं त्यांचं द ॲबसॉर्बंट माइंड हे पुस्तक १९४९ मध्ये मद्रासहूनच पहिल्यांदा छापलं गेलं. १९४६ मध्ये त्या युरोपला परतल्या, पण १९४७ मध्ये पुन्हा भारतात आल्या. त्यांच्या हाताखाली भारतात हजाराहून जास्त शिक्षक तयार झाले.

मात्र त्यांची पद्धत भारतात त्यांच्या कितीतरी आधी पोहोचली होती आणि इथे आपल्या महाराष्ट्राचा संबंध येतो. भावनगरला गिजुभाई बधेका नावाच्या वकिलानं मॉन्टेसरीबाईंचं लिखाण वाचून १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं. तिथे त्यांच्यासोबत काम केलं ताराबाई मोडक यांनी. दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. बाईंना सामानात केलेले बदल चालत नव्हते, या दोघांनी बिनधास्त बदल केले. गोष्टी आणल्या, गाणी आणली, सगळं आपल्या भाषेत.

खरी अडचण होती पैशाची. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेले गांधीजी बाईंच्या ट्रेनिंग वर्गाला भेट द्यायला गेले होते. श्रीमंतांच्याच नव्हे तर कंगालांच्या पोरांनाही असं शिक्षण मिळावं, अशी आशा त्यांनी तिथे बोलून दाखवली. सान लोरेन्झोच्या गरिबांसाठी निघालेली शाळा वीस-पंचवीस वर्षांत सुखवस्तू लोकांची झाली होती!

ताराबाईंनी १९४५ मध्ये मुंबई सोडली आणि बोर्डीला, आताच्या पालघर जिल्ह्यात, काम सुरू केलं. सोबत अनुताई वाघ होत्या. सुतारानं घडवलेल्या महागड्या सामानाऐवजी शंखशिंपले, बिया, पानं, दगडगोटे आले. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात भरवली आणि अंगणवाडी हा शब्द जन्माला आला. सरकारची योजना आली १९७५ मध्ये, हे त्याच्या कितीतरी आधीचं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम उभं राहिलं. गुरं राखायला जाणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरायची, तिचं नाव कुरणशाळा. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. मोठ्या शहरातल्या एसी प्रीस्कूलपेक्षा कोसबाडची कुरणशाळा सान लोरेन्झोच्या जास्त जवळची होती, असं मला वाटतं.

मॉन्टेसरीबाई भारतातून कायमच्या परतल्या १९४९ च्या सुमारास. १९४९, १९५० आणि १९५१ अशी सलग तीन वर्षं शांततेच्या नोबेलसाठी त्यांचं नाव सुचवलं गेलं, मिळालं नाही. ६ मे १९५२ ला नेदरलँड्समधल्या नूर्डवाइक या समुद्रकाठच्या गावी त्या गेल्या, वय ८१. पुरलंही तिथेच. पुढे इटलीनं १००० लिरांच्या नोटेवर त्यांचा फोटो छापला. एएमआयचं काम मारिओनं पुढे चालवलं, १९८२ मध्ये जाईपर्यंत.

मग आपल्या पोराला टाकायचं का?

संशोधन काय म्हणतं ते आधी बघू. अमेरिकेत मिलवॉकी शहरात मॉन्टेसरी शाळेची ॲडमिशन लॉटरीनं व्हायची. लॉटरी लागलेली आणि न लागलेली मुलं यांची तुलना अँजेलिन लिलार्ड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी केली, ते संशोधन २००६ मध्ये सायन्स या नियतकालिकात छापून आलं. मॉन्टेसरीतली पाच वर्षांची मुलं वाचन, गणित आणि इतरांशी वागणं यात पुढे दिसली. पण त्यांचंच २०१२ चं काम मला जास्त कामाचं वाटतं. त्यात बाईंच्या रीतीनं चाललेले वर्ग आणि मॉन्टेसरीत वर्कशीट, इतर खेळणी वगैरे मिसळलेले वर्ग यांची तुलना होती. फायदा मुख्यतः पहिल्या प्रकारात दिसला. मिसळ केलेल्या वर्गांतली मुलं साध्या शाळेतल्या मुलांसारखीच होती.

म्हणजे मॉन्टेसरीच्या नावाखाली मिसळ मिळत असेल, तर जादा फी कशाची हा प्रश्न उरतोच. त्यापेक्षा घराजवळची, मायेनं वागणाऱ्या ताईंची, भरपूर खेळू देणारी मराठी बालवाडी कधीही चांगली.

बघायला जाल तेव्हा वर्ग चालू असताना जा, सुट्टीच्या दिवशी नको. अर्धा तास कोपऱ्यात बसू देतात का विचारा. तीन, चार आणि पाच वर्षांची मुलं एकाच वर्गात आहेत का, की नर्सरी, ज्युनिअर, सीनियर असे तीन वेगळे वर्ग आहेत? प्रत्येक सामानाचा एकच संच आहे का? असेल तर ते कंजूषपणामुळे नाही, दुसऱ्याचं होईपर्यंत थांबायला शिकावं म्हणून बाईंनीच तसं ठेवलं होतं. ताई मोठ्यानं ओरडून चाळीस मुलांना एकच गोष्ट करायला लावतायत की एकेका मुलाशेजारी बसून हळू बोलतायत? पोराला बोलायला उशीर होत असेल किंवा काही वेगळी गरज असेल, तर ते आधीच सांगा आणि अशी मुलं वर्गात आधी होती का विचारा. पद्धत मुळात त्यांच्यातून आली असली, तरी समोरच्या ताईंना ते जमतंय का हे वेगळं.

शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. हा तीन वर्षांचा हिशोब आहे. तिसऱ्या वर्षी आलेलं मूल पहिली दोन वर्षं मोठ्यांचं बघत शिकतं आणि तिसऱ्या वर्षी स्वतः मोठं होऊन बारक्यांना दाखवतं. नेमकं ते तिसरं वर्ष सुरू व्हायच्या आत आपल्याकडे पोराला काढून मोठ्या शाळेच्या सीनियर केजीत टाकतात, कारण पहिलीला सीट मिळणार नाही अशी भीती असते. तुमच्याकडेही तसंच होणार असेल, तर आधी त्या मोठ्या शाळेत जाऊन थेट पहिलीला किती जागा भरतात आणि त्यासाठी पोराला काय यायला लागतं ते विचारून घ्या, मग मॉन्टेसरीचा फॉर्म भरा.